माझाच आवाज मला का ऐकू येतोय?

"मॅडम, मी बोलते ते मलाच परत ऐकू येतंय." ही तक्रार आली की सुरुवातीच्या काळात मी बोलणाऱ्याचाच हेडसेट बदलायचे. इको ज्याला ऐकू येतो, त्याच्याकडे बहुतेकदा दोष नसतोच. तो असतो पलीकडच्या टोकाला.

लँडलाइनला दोनच तारा. येणारा-जाणारा आवाज त्याच जोडीवर. पुढच्या नेटवर्कमध्ये मात्र दोन्ही दिशा वेगळ्या, म्हणजे चार तारा. दोन तारांची चार तारांशी सांगड घालतं हायब्रिड नावाचं सर्किट. लाइनचा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून येणारा आवाज थोडा गळतो आणि परतीच्या वाटेला लागतो. लगेच परतला तर कळतही नाही. पण ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहामार्गे गेलेला शब्द अर्ध्या सेकंदाने कानावर आदळतो. पूर्वीचे इको सप्रेसर अशा वेळी परतीची वाटच बंद करायचे आणि समोरच्याचे शब्द तुटायचे. बेल लॅब्जमधल्या मनमोहन सोंधींचा १९६७ चा इको कॅन्सलरवरचा लेख मला म्हणूनच फार प्रिय आहे: वाट बंद करायची नाही, आपला आवाज कसा परतेल हे शिकत राहायचं आणि तेवढाच वजा करायचा.

आमच्या गेटवेत, म्हणजे लँडलाइनला पुढच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या यंत्रात, असाच कॅन्सलर होता: सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने, म्हणून ६४ मिलिसेकंदांपर्यंतच्या इकोसाठी ५१२ गुणक, नमुन्यामागे एक. सगळं नीट चालत होतं. मग लँडलाइनवाल्यांचा आवाज बारीक येतो म्हणून मी लाइनकडून येणाऱ्या आवाजाचा गेन (आवाज किती मोठा करायचा ते) ६ डेसिबलने, म्हणजे दुप्पट, वाढवला आणि त्याच दिवशी इको सुरू झाला. कॅन्सलरमध्येच बिघाड असणार, या समजुतीवर मी दोन दिवस घालवले.

दोघं एकदम बोलतात तेव्हा कॅन्सलरने शिकणं थांबवायला हवं, नाहीतर तो भलतंच शिकतो. ते ओळखायचा, गायगेलच्या नावाने ओळखला जाणारा नियम साधा आहे: लाइनवरून आलेला आवाज नुकत्याच पाठवलेल्या आवाजाच्या शिखराच्या निम्म्याहून मोठा असेल, तर लाइनवरचा माणूस बोलतोय असं धरायचं. गेन वाढवून मी इकोलाच निम्म्याच्या वर नेलं होतं. बिचारा कॅन्सलर प्रत्येक वाक्याला "दुसरं कुणी बोलतंय" म्हणून गप्प बसायचा.

गेन कॅन्सलरच्या नंतरच्या टप्प्यावर हलवला. तक्रार करणाऱ्या बाईंना मी स्वतः फोन लावला. पहिल्या "हॅलो"ला किंचित सावली आली, नंतर नाही.