सूर्याकडे पाठ करून

दिवाळी पाडव्याच्या संध्याकाळी सगळे केरीला गेलो. केरी म्हणजे आमची गोव्यातल्या पेडण्यातली, समुद्राची. सत्तरीतली, अंजुणे धरणाजवळची नव्हे. मुंबईची ताई अजूनही दर वर्षी गूगलवर चुकीची केरी टाकते आणि वाटेत फोन करते.

दोन दिवस फोव, म्हणजे पोहे, खाऊन सगळ्यांचीच पोटं जड झाली होती, म्हणून चालायचं ठरलं. आई, ताई, वहिनी आणि तीन मुलं. भाची तेरा वर्षांची, पुतण्या आठचा, शेंडेफळ चार वर्षांचं. मी कॅमेरा घेतला. पन्नास एमएमची साधी लेन्स, झूम नाही. झूम हाताशी असली की मी एका जागी उभा राहून मुलांना हाका मारत बसतो. नसली की निमूट त्यांच्या मागे धावतो.

सुरुच्या झाडांतून बाहेर आलो तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. दर वर्षी एखादं झाड आडवं पडलेलं दिसतं, समुद्र मुळांखालची वाळूच ओढून नेतो. अशाच एका पडलेल्या खोडावर आईने बैठक मारली आणि नेहमीचा हुकूम सोडला, "बुडता सूर्य मागे येऊंदे हां."

आमच्या घरातले निम्मे फोटो या हुकमाने वाया गेलेत. सूर्य पाठीशी घेऊन मुलं उभी केली की आकाश झकास येतं आणि चेहऱ्यांचे कोळसे होतात. मग फोन आपल्या अकलेने चेहरे उजळतो. ताईने तसा एक काढून दाखवला. भाचीने दोन बोटांनी मोठा करून पाहिला. "ही मी नव्हे. हिला पावडर कोणी फासली?"

"बरी दिसतेस की," आई म्हणाली. "उजळ."

पोरगी काही बोलली नाही, चपला हातात घेऊन पाण्याकडे गेली.

आईला तरी काय म्हणू? गेल्या दिवाळीत हेच मी केलं होतं. कॉम्प्युटरवर भाचीचा चेहरा दोन घरं उजळवून फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तिने तेव्हा काही म्हटलं नाही, पण वर्षभरात मी कॅमेरा काढला की ती कोणाच्या तरी मागे जायची. या वेळी गाडीतच तिने अट घातली: "मामा, आधी मला दाखवायचं. आणि रंगाला हात लावायचा नाही."

सूर्य सहाच्या सुमारास बुडाला. खोडावरची मंडळी लगेच उठायला लागली. मला खरं काम तिथून पुढे असतं. त्यानंतर वीसेक मिनिटं पश्चिमेचं सगळं आकाशच दिवा होतं, मोठा आणि मऊ. नाकाची सावली ओठांवर पडत नाही, डोळे किलकिले होत नाहीत. फक्त आपण पाण्याच्या कडेला जायचं, समुद्राकडे पाठ करायची, म्हणजे मुलांची तोंडं आपोआप उजेडाकडे होतात. मागे सुरुची काळपट रांग, डावीकडे खाडीपलीकडे तेरेखोलचा किल्ला.

किल्ला पाहून पुतण्याने विचारलं, तिथे कोण राहतं. मी सांगायला लागलो, की 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला होता. "मग गोवा तेव्हाच का नाही सुटला?" प्रश्न बिनतोड होता. पण तेवढ्यात एक कुर्ली बिळातून निघून तिरकी पळाली, तिच्यामागे तो, आणि 1961 सांगायचं राहूनच गेलं.

कुर्लीमागचे पहिले दहा फोटो फुकट. शटर सेकंदाच्या एक साठांशावरच राहिलं होतं. पोराच्या जागी नुसता निळा फराटा. मग ते एक पाचशांशावर नेलं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, सोळाशे केला. थोडे दाणे दिसतील, दिसोत. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. मी ओल्या वाळूत गुडघे टेकले, कारण उभ्याने काढलं की मुलांची टाळकीच येतात. एक लाट मागून आली आणि पँट कमरेपर्यंत भिजली. वहिनीने त्याचा फोटो काढला, तो मात्र फोनवर सुरेख आला.

त्याच वेळी शेंडेफळाच्या पायात शिंपला घुसला. रडं सुरू. भाचीने त्याला उचलून कमरेवर घेतलं, तळवा वर केला आणि उजेडाकडे धरून बघायला लागली. ओठ मुडपलेले, केसांची एक बट तोंडात, गालावर समुद्राकडून आलेला तांबूस उजेड. तिला कोणी "हस" म्हटलं नव्हतं. मी दोनच फोटो काढले. एकात फोकस पोराच्या कानावर गेला. दुसऱ्यात तिच्या डोळ्यांवर बसला.

कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिला, मोठा करून नाकावरची पुटकुळीसुद्धा पाहिली.

"ही पण राहूदे," म्हणाली.

रात्री ब्लोअरने लेन्सच्या कडेची वाळू काढत बसलो होतो, तेव्हा ग्रुप वाजला. माझ्याकडून घेतलेला फोटो तिनेच टाकला होता. खाली लिहिलं होतं, "विदाऊट पावडर."

आतल्या खोलीतून आईचा अंगठा आला.