खुनी कोण ते ठाऊक असूनही

घरी कुणी आलं आणि मी 'ब्योमकेश बक्षी' लावून बसलेली दिसले, की प्रश्न ठरलेला: "अहो, खुनी कोण ते तुम्हाला पाठ आहे. मग परत काय बघता?" शेजारच्या वहिनी विचारतात, भाची तर प्रत्येक सुट्टीत विचारते. आजवर "आवडतं" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

१९९३ साली दिग्दर्शक बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी ही रहस्यमालिका केली; ब्योमकेश म्हणजे त्यातला गुन्ह्यांचा छडा लावणारा तरुण. दुसरं पर्व १९९७ मध्ये आलं, दोन्ही मिळून ३४ भाग. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा लेखक मित्र अजित, आणि सत्यवती म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी. भाषा हिंदी, शहर कलकत्ता. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवरून केलेली.

पहिल्याच भागाचं बघा. कलकत्त्यातल्या एका मेसच्या, म्हणजे खोल्या भाड्यानं देणाऱ्या वसतिगृहाच्या, आसपास खून पडताहेत. मेसमध्ये जागा नाही, तेव्हा अजित अतुलचंद्र नावाच्या एका अनोळखी, गरीब दिसणाऱ्या तरुणाला स्वतःच्या खोलीत घेतो. हा अतुलचंद्र म्हणजेच ब्योमकेश. पहिल्यांदा पाहताना आपण अजितच्याच बाजूला बसलेलो असतो. त्याला जे कळतं तेच आपल्याला कळतं, तो फसतो तिथे आपणही फसतो. दुसऱ्यांदा बघताना मात्र अतुलचंद्राचं साधं "हो का?"सुद्धा वेगळं ऐकू येतं. तो कुणाकडे बघत नाही, कुठे मुद्दाम बावळटासारखा वागतो, कुणाला बोलू देतो, ते दिसायला लागतं. खरा गुन्हेगार किती अदबीनं बोलतो, तेही तेव्हाच दिसतं. पहिल्या खेपेला मी गोष्ट पाहिली होती. माणसं पाहिली ती नंतर.

कोळ्याच्या विषाची गोष्ट मला सगळ्यांत प्रिय. एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला, सगळं घर त्याच्यावर पहारा देतंय, तरी नशेसाठी लागणारं ते विष त्याला कुठून तरी मिळतंच. ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून अजित एकटा जातो, सगळं बघून येतो आणि घरी येऊन सांगतो. ब्योमकेश ऐकतो आणि बसल्या जागी कोडं सोडवतो. उत्तर म्हाताऱ्याच्या हातातच असतं, अजितच्या डोळ्यांसमोर. ते काय, ते इथे लिहिणार नाही. पण ते ठाऊक असताना हा भाग पाहिलात तर अजितची दया येते, कारण त्याच्या जागी आपणही तसेच बसलो असतो, सगळं बघून काहीच न पाहता.

मराठीत आपण सरसकट 'गुप्तहेर' म्हणतो, पण तो शब्द मला पटत नाही. गुप्तहेर राजाचा, सरकारचा. ब्योमकेश कुणाचाच नाही. त्याला तर 'डिटेक्टिव्ह'ही आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, दारावरच्या पाटीवरही तसंच लिहितो. सत्य शोधणारा, बस. त्यामुळे खरं काय ते हाती आलं, की त्याचं काय करायचं हा प्रश्न त्याला प्रत्येक वेळी नव्यानं पडतो. माझं लक्ष आता तिथेच असतं. खुनी सापडल्यावर रजित कपूर यांच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद क्वचितच दिसतो.

आणि त्याला घर आहे! धोतर-कुर्ता, चहा, सिगरेट, नोकर पुंटीराम, समोर अजित. सत्यवती त्याला भेटते तेव्हा तिच्या भावावर खुनाचा आळ आलेला असतो. पुढे तीच त्याच्या घरी येते. जगातल्या किती नामांकित डिटेक्टिव्हांना बायको आहे, आठवून पाहा. बासूदा मुंबईत 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रं काढत होते. मोजक्या रेषांत माणूस उभा करायची ती सवय इथे कामी आली असावी, असं मला वाटतं. चार भिंती, दोन खुर्च्या आणि बोलणारी माणसं. पाठलाग, गोळीबार जवळजवळ नाहीच, आणि मला त्याची उणीव कधी भासली नाही.

पुण्याच्या माणसाला यात जिव्हाळा वाटायला आणखी एक कारण आहे. शरदिंदु १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले. पहिल्या कथा त्यांनी १९३२ पासून चार-पाच वर्षांत लिहिल्या होत्या, मग सुमारे पंधरा वर्षं ब्योमकेश गप्प. तो पुन्हा बोलू लागला, आणि त्या दुसऱ्या डावातल्या बहुतेक कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. शिवकाळातला सदाशिव नावाचा मराठी मुलगाही त्यांनी बंगाली मुलांसाठी उभा केला. १९७० मध्ये ते गेले तेव्हा ब्योमकेशच्या ३२ कथा पूर्ण होत्या, तेहेतिसावी अर्धवट. कलकत्त्याच्या गल्ल्यांतला धूर आणि पाऊस आपल्या गावात बसून कुणी तरी आठवत होतं, हे कळल्यापासून मी ते भाग आणखी सावकाश बघते.

गेल्या रविवारी भाचीला शेजारी बसवलं आणि पहिला भाग लावला. अतुलचंद्र मेसमध्ये जागा विचारायला आला तशी ती म्हणाली, "मावशी, हा कोण गं?"

मी म्हटलं, "बघ."