पांझरेकाठचा फड: पाणी कसे वाटतात आणि कुठे अडते

पांझरेकाठी वडिलोपार्जित तुकडा कसायला परत येणाऱ्याने सातबाऱ्याइतकाच बंधाराही नीट पाहावा. पिंपळनेरकडच्या डोंगरांतून निघालेली ही नदी साक्री, धुळे करत मुडावदला तापीला मिळते. पात्राला उतार चांगला, जागोजाग काळा खडक उघडा. त्या खडकावर दगडचुन्याची बुटकी भिंत घातली की पाणी चढते आणि पाटातून आपल्या उताराने शेतात जाते. मोटार लागत नाही, डिझेल लागत नाही. धुळ्याकडे पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढ्या पावसात इथे पिढ्यान्‌पिढ्या ऊस उभा राहिला तो या बंधाऱ्यांमुळे आणि त्यावरच्या फड पद्धतीमुळे, म्हणजे शिवाराचे मोठे भाग (फड) पाडून पाणी वाटण्याच्या रीतीमुळे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांकाठी ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात.

भिजणाऱ्या शिवाराचे साधारण चार फड असतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास गाव बसते आणि यंदा कोणत्या फडात काय, ते ठरते. एकात ऊस, एकात गहू-हरभऱ्यासारखे रब्बी, एकात खरिपाचे पीक, एक पड. पुढच्या वर्षी फिरवाफिरव. मूळ मांडणीत प्रत्येक घराची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते, म्हणून पड पडला तर सगळ्यांचाच पडतो. पाणी कमी असेल त्या वर्षी एक फड कमी भिजवतात, एकट्या कुणाच्या शेताला कात्री लागत नाही. वाटण्या होऊन एखाद्याची सगळी जमीन एकाच फडात आली, की भांडणे तिथून सुरू होतात. जमीन घेणाऱ्याने हे आधी विचारावे.

एका फडात एकच पीक, हा नियम लोकांना जाच वाटतो. त्यामागचे गणित सोपे आहे. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी तासभर चालले की एका एकरावर जवळजवळ एक इंच उभे राहते. गव्हाच्या एका बाऱ्याला (पाण्याच्या पाळीला) तीन इंच धरले तर एकरी तीन तास. पाटाला पाच क्युसेक असतील तर दिवसरात्रीत ४० एकर, म्हणजे १०० एकरांचा फड अडीच दिवसांत ओला. पाट गळून तिसरा हिस्सा वाटेत गेला तर त्यालाच पावणेचार दिवस. गव्हाला सगळ्यात नडते ते पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचे बारे, मुकुटमुळे फुटायच्या वेळचे. ते चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. सगळा फड एकाच आठवड्यात पेरला असेल तर हे बारे सगळ्यांना वेळेवर मिळते. मधेच कुणी कांदा लावला की त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी हवे, आणि त्या एका तुकड्यासाठी सगळा पाट ओला करावा लागतो. कोरडा पाट आधी आपली तहान भागवतो, मग शेताला पाणी सोडतो.

पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडायचे नाही, ते पाटकऱ्याचे काम. पाटकऱ्यांवर हवालदार देखरेख करतो, आणि उभ्या पिकात गुरे शिरू नयेत म्हणून जागल्या असतो. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यात असे. तो थकला की व्यवस्था सगळ्यात आधी तिथे मोडते, कारण रात्रीचे बारे बिनपगारी कुणी देत नाही.

पाटाची सफाई खरिपाआधी आणि रब्बीआधी, घरटी एक माणूस. हराळी आणि लव्हाळा नुसता कापून भागत नाही, मुळासकट खणावा लागतो. बेशरम ही झुडपी वनस्पती काठावर टाकली तर पुन्हा फुटते, तिला लांब नेऊन वाळवावी. खेकड्याचे किंवा घुशीचे बीळ तोंडाशी बुजवून काही होत नाही. पाटाच्या बाहेरच्या बाजूने ओल शोधावी, बीळ शेवटपर्यंत खणावे आणि मुरूम-माती मिसळून थरथर ठोकावी. नुसती काळी माती घातली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच पाण्याला काठ फुटतो. जादा पाणी नदीत परत सोडणाऱ्या सांडमाचे तोंड मोकळे हवे. ते गाळाने बंद झाले की पाट हमखास रात्री, सगळ्यात अशक्त जागी फुटतो.

बंधाऱ्याची गळती शोधायला पाणी संथ असताना भिंतीच्या वरच्या अंगाला भुसा टाकावा. जिथे तो ओढला जातो तिथे फट. चिंध्या-माती कोंबून ती एक हंगाम चालते, पण उन्हाळ्यात पाणी उतरले की सांधा खरवडून दरजा पक्क्या भरल्याच पाहिजेत. गाळाची मोरी पहिल्या पुरांत उघडी ठेवावी आणि पाणी निवळू लागले की बंद करावी. उशीर केला तर बंधाऱ्यामागे गाळ बसतो आणि पाटाचे तोंड कोरडे पडते.

वर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव आणि अलीकडे अक्कलपाडा धरण झाल्यापासून नदी पूर्वीसारखी आपल्या मनाने वाहत नाही, पाणी आवर्तनाने, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस सोडले की, येते. म्हणून फड कालबाह्य झाला असे काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मोजक्या दिवसांचे आवर्तन वाया घालवायचे नसेल तर एक पीक, एक पेरणी, एक पाटकरी यांची गरज वाढतेच.

बंधाऱ्याला खरा धोका वाळू उपशाचा. खालच्या अंगाची वाळू गेली की पात्र खोल जाते, सांडणारे पाणी जास्त उंचीवरून आदळते आणि पायथ्याखालची भर खाते. भिंत वरून धडधाकट दिसते आणि एखाद्या पुरात खालून सुटते. काठच्या विहिरींचे पाणीही त्याबरोबर खाली जाते. त्यासाठी पायथ्याजवळच्या खडकावर रंगाने खूण करावी, दर मे महिन्यात तिच्यापासून वाळूची पातळी मोजावी आणि ग्रामसभेच्या वहीत लिहावी. पातळी उतरलेली दिसली की पावसाळ्याआधीच पायथ्याला मोठे, कोनदार दगड एकमेकांत अडकवून भरावेत. गोटे घालू नयेत, ते पहिल्याच लोंढ्यात निघून जातात.