तुम्ही विचारलंत म्हणून : लाल कुठली?

‘लाल शाई कुठली वापरता?’ हे मला लोकांनी लग्नाच्या पंगतीत विचारलंय, बँकेच्या रांगेत विचारलंय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असताना विचारलंय. मी पुस्तकांची छपाईआधीची प्रूफं तपासते, त्यामुळे उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम लाल डाग असतो, त्यावरून विषय निघतो. शाईच्या पेनांचा नाद असलेली मंडळी तर थेट बाटलीचं नावच मागतात. मी आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, आणि परवा त्यातली दोन माणसं एकमेकांना भेटली. म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

आधी बॉलपेनचा मुद्दा, कारण तो येतोच. हो, मला ठाऊक आहे. त्याची शाई तेलातली, पाण्याला दाद देत नाही, दहा रुपयांत काम होतं. पण दिवसाला पन्नास पानं प्रूफं वाचायची तर बॉलपेन दाबून धरावं लागतं आणि संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. शाईचं पेन नुसतं टेकवलं की चालतं. आणि खरं सांगू? मला ते आवडतं. ठणक्याचं कारण मी मागाहून शोधलं.

प्रूफं वाचणाऱ्या बाईला लाल शाईकडून फार काही नको असतं. काळ्या छपाईच्या गर्दीत एक बदललेली वेलांटी, एक वाढवलेला अनुस्वार दिसला पाहिजे. रात्री ट्यूबलाइटखाली, डीटीपी करणाऱ्याच्या दमलेल्या डोळ्यांनासुद्धा. या एका कसोटीवर भल्याभल्या आपटल्या. लिव्हरपूलच्या डायमिनची ऑक्सब्लड पेनवाल्यांची फार लाडकी. देखणी आहेच, पण वाळली की तपकिरीकडे जाते आणि छापील काळ्यात हरवते. पायलटची मोमिजी मला सरळ राणी रंगाची वाटते. तिने चुका काढण्यापेक्षा केळवणाची यादी करावी. एर्बांच्या रूज हेमातीतमध्ये सोनेरी चकाकी असते. ती बाटली हलवून भरायची, आणि भरून चार दिवस पेन पडून राहिलं की निबेखालची जीभ तुंबते. ऱ्हस्वदीर्घाला सोनं कशाला हवंय? पेलिकनची ४००१ चांगली, सभ्य शाई. नको तितकी सभ्य.

मग राहिली कॅमलची. नाकं मुरडू नका. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत घोडा छाप शाईच्या पुडीपासून जो धंदा मांडला, त्यातूनच पुढे ही उंटाची बाटली आली. माझ्या शाळेत बाईंच्या टेबलावर ती असायची. निबेवर साय धरते, स्वस्त कागदावर फुटते, बोटं रंगवते. पण पानावरून हाक मारते. पंधरा वर्षं मी तिचीच वकिली केली. कुणी म्हणालं, ‘पाण्याचा थेंब पडला तर?’ तर माझं उत्तर ठरलेलं असायचं : ‘प्रूफ शेवटी रद्दीतच जायचं. त्याला टिकाऊ शाई कशाला?’

असं म्हणणारी ती बाई मला आता भेटली तर मी तिला जून २००९ मधली एक दुपार दाखवीन.

एका निवृत्त संस्कृत शिक्षकांच्या आठवणींचं पुस्तक होतं. सर ऐंशीच्या पुढचे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. पुस्तक खरं तर त्यांच्यावरच होतं, पण सरांनी ते कधी कबूल केलं नाही. चार फॉर्मे, म्हणजे चौसष्ट पानं. शेवटचं प्रूफ वाचून मी दुपारी तीनला उठले. छपाईच्या प्लेटा सकाळी करायच्या होत्या. प्रेस पर्वतीच्या पायथ्याशी, मी सदाशिव पेठेत. स्कूटरवर किती वेळ लागणार? आभाळ भरून आलेलं दिसत होतं. प्लॅस्टिकची पिशवी खिळ्याला टांगलेली होती. मी कापडी पिशवी घेतली, पायाशी ठेवली आणि निघाले. टिळक रस्त्यावर पावसाने गाठलं. आडोशाला थांबले असते तर निभावलं असतं. थांबले नाही.

प्रेसमध्ये गठ्ठा उघडला. लेझर प्रिंटरची काळी अक्षरं जशीच्या तशी. एक काना हलला नव्हता. गेलं होतं ते फक्त माझं. समासातून खाली गुलाबी ओघळ, खालच्या कोपऱ्यात कुंकवाच्या पाण्यासारखं डबकं, पानामागून पान तसंच. चुका सगळ्या शाबूत, दुरुस्त्या तेवढ्या धुऊन निघालेल्या. साध्या पेन्सिलीने खुणा केल्या असत्या तरी राहिल्या असत्या. संगणकावरचा मुलगा आधी हसला, मग माझा चेहरा पाहून त्याने पंखा लावून दिला.

तिथेच बसून रात्री साडेदहापर्यंत मी चौसष्ट पानं पुन्हा वाचली. ‘वाचली’ म्हणायचं. आदल्याच दिवशी पाहिलेलं पान पुन्हा समोर आलं की डोळा वाचत नाही, आठवत जातो. ओल्या कागदावर पेन्सिल टेकली की कागद फाटत होता. शीर्षकं तर मी पाहिलीच नाहीत. मोठ्या टायपात चूक नसतेच, असा सगळ्यांचा समज असतो, माझाही होता.

पुस्तक छापून आलं. नवव्या प्रकरणाचं नाव : ‘पाणीग्रहण’. प्रकरणाच्या सुरुवातीला एकदा, आणि पुढे उजव्या पानांच्या डोक्यावर तीनदा.

पाणि म्हणजे हात. पाणिग्रहण म्हणजे विवाह. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविवर्य’ ऱ्हस्व. समासात पहिलं पद आलं की मूळ संस्कृतातली ऱ्हस्व वेलांटी ठेवायची. १९६२ पासूनचा हा नियम मी झोपेतही सांगेन. संस्कृत शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या पुस्तकात, त्याच्या लग्नाच्या प्रकरणावर, मी पाणी सोडलं होतं. पहिल्या वाचनात मी ती खूण केली होती. मला पक्कं आठवतं. प्रेसवाले म्हणाले, केली नसेल. पुरावा धुऊन गेला होता, त्यामुळे हा वाद मी कधीच जिंकणार नाही. आणि कधीकधी रात्री मलाही वाटतं, केली नसेल.

शुद्धिपत्राचा मजकूर घेऊन सरांकडे गेले. त्यांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, “शुद्धिपत्र. ह्यालाही तोच नियम, नाही का?” मग म्हणाले, “अकराशे प्रतींत चिठ्ठ्या कोण घालत बसणार? राहू द्या.” टेबलावरची आपली प्रत ओढली, पेन उघडलं आणि चारही ठिकाणची वेलांटी सावकाश बदलली. निळ्याकाळ्या शाईने. माझं लक्ष तिथेही शाईकडेच होतं, याची लाज वाटते. निघताना त्यांनी मानधनाचं पाकीट दिलं, पूर्ण रकमेचं. मी घेतलं.

त्यानंतर ‘न धुणारी लाल’ शोधायचं वेड लागलं. निळ्याकाळ्याचं कोडं सोपं आहे : जुन्या पद्धतीच्या शाईत लोह असतं, ते कागदात मुरल्यावर हवेने काळं पडतं आणि पक्कं होतं. लालला असं लोखंड नाही. लाल शायांत पूर्वापार वापरत आलेलं इओसिन पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबरच निघून जातं. उन्हातही उडतं. व्हॅन गॉगने इओसिनचाच लाल वापरला होता. १८९० साली त्याने रंगवलेले गुलाबी गुलाब आज पांढरे दिसतात. हे वाचून मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी रंगकणांची शाई मिळाली, जर्मनीची दे अट्रामेंटिस, डॉक्युमेंट रेड. नळाखाली धरून पाहिलं, हलत नाही. पण तिला रोज लिहितं ठेवावं लागतं. पेनात वाळली की रडवते. आणि तिचा लाल मला मुका वाटतो. हे शास्त्र नव्हे, माझा हट्ट असेल.

एक आठवलं म्हणून सांगते. पोथ्या लिहिणारे खुणांना आणि दंडांना हिंगुळाचा लाल वापरत, आणि चुकलेलं अक्षर झाकायला त्यावर पिवळी हरताळ फासत. आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो तो तिथला. म्हणजे त्यांच्याकडेही दोन रंग होते, एक दाखवायला आणि एक मिटवायला. माझ्या बाटलीने एकटीनेच दोन्ही कामं केली.

तर उत्तर. घरी राहणाऱ्या प्रूफांना कॅमल, घराबाहेर जाणाऱ्यांना जर्मन. तुम्ही म्हणाल, सगळ्यांनाच जर्मन का नाही? सरांच्या त्या प्रतीनंतरही हिला ती पाण्यासारखी शाई कशी आवडते? मीही हे स्वतःला विचारते, आणि विचारता विचारता पेनात तीच भरते. आता तर निम्मी कामं पीडीएफवर येतात. तिथे खूण लाल की हिरवी, काही फरक पडत नाही. त्या दिवशी मी पेन नुसतं धुऊन ठेवते.

आणि जून लागला की पिशव्या दोन घेते, एकीत एक. दोन्ही प्लॅस्टिकच्या.