मायची वही

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रात्रीचे साडेनऊ.

सकाळी भावाने मायची घागर पुजली. ती गेल्यानंतरची पहिलीच. कोरी मातीची घागर, वर डांगर (आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज), शेजारी सांजोऱ्या आणि आमरसाची वाटी. निखाऱ्यांवर आगारी (पितरांच्या नावाचा घास) टाकताना त्याचा हात थरथरत होता. बाहेर निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गौराईची गाणी चाललेली. मला जेवण गेलं नाही.

घागरीवरचं डांगर बघून वजनकाटा आठवला. अंगणवाडीत महिन्यातून एकदा वजनं व्हायची. आढ्याला काटा टांगलेला, खाली कापडी झोळी, आणि झोळी दिसली की पोरं रडून गाव डोक्यावर घ्यायची. माय मग आधी डांगर झोळीत बसवायची. त्याला नाव विचारायची, त्याचं वजन मोठ्याने वाचायची, "किती गुणाचं आहे, रडलं का बघा" म्हणायची. मग ज्याला डांगराच्या जागी बसायचं असेल त्याचा नंबर. पाच मिनिटांत भांडणं लागायची, मी आधी, मी आधी.

घरी ती माय होती, अंगणवाडीत बाई. मी माय म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही. हे मला फार लागायचं.

अमळनेर तालुक्यातलं, बोरीकाठचं आमचं गाव. १९८६ साली ती सेविका झाली. देशात अंगणवाड्या सुरू होऊन तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. २ ऑक्टोबर १९७५ ही तारीख तिला तोंडपाठ होती. प्रशिक्षणात तिने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल ऐकलं. दोघींनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी बसते म्हणून शाळेत येत नाही, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मायने हे ऐकलं आणि गावात आल्यावर पहिलं काम काय केलं, तर आढ्याला लुगड्याची झोळी बांधली.

कारण आमच्याकडेही तेच. दिवाळीनंतर कापूस वेचणीला बाया दिवस उगवायच्या आत वावरात जातात. पाच वर्षांची पोर कडेवर धाकटा भाऊ घेऊन दारात उभी राहायची. आत यायची नाही, जायचीही नाही. माय भावाला घेऊन झोळीत टाकायची आणि पोरीच्या हातात खडू द्यायची. एका पायाने झोका देत, समोर गोष्ट सांगत असलेली माय मला आजही दिसते. त्या झोळीतल्या पोरांची गिनती कुठल्याच रजिस्टरला नव्हती.

नवं पोर आलं की पहिला आठवडा एकच आकांत: "मनी माय कोठे शे?" एकदा एका पर्यवेक्षिकेने तिला सांगितलं, मुलांशी शुद्ध बोलत चला. माय त्यांच्यासमोरच रडणाऱ्या पोराला म्हणाली, "वावरमा गई शे, ई जाई आते." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ते अहिराणीत रडतंय. गप्प झालं की आहे-नाही शिकवते." आणि खरंच शिकवायची. पहिलीत जाईपर्यंत पोरं दोन्हीकडचं बोलायची.

तिला पगार कधीच मिळाला नाही, मिळालं ते मानधन. ३१ वर्षं. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, ती बातमी तिने टीव्हीसमोर उभं राहून ऐकली. तोवर ती निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. "मागूनच्या पोरींना मिळेल," एवढंच बोलली आणि पीठ मळायला गेली. मला त्या दिवशी राग आवरला नव्हता. आजही आवरत नाही.

दुपारी तिची पेटी उघडली. सरकारी रजिस्टरं तिने केव्हाच जमा केलेली. ही तिची स्वतःची वही, जाड पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेल्या. प्रत्येक पोराला एक ओळ. "विजेला भितो." "गूळ दिला की बोलते." "बाप दारू पितो, घरी सोडायला जाणे."

मी तीन वर्षांची असताना माझी एक मैत्रीण होती. तिला सुकडीच्या दोन वाट्या मिळायच्या, मला एक. बाई माझीच आई, आणि दोन वाट्या दुसरीला! मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. माय एवढंच म्हणायची, "तिला लागतं."

वहीत ते पान सापडलं. मैत्रीण: ८ किलो ५००, श्रेणी ३. श्रेणी म्हणजे कुपोषणाची; तिसऱ्या-चौथ्या श्रेणीला दुप्पट आहार असायचा. तिच्या खालच्या ओळीत मी: ९ किलो ८००, श्रेणी २. म्हणजे सेविकेची स्वतःची पोरही कमी वजनाची. गावाने बोल लावला असता, पर्यवेक्षिकेने विचारलं असतं. चारशे ग्रॅम वाढवून लिहायला तिला कोण अडवणार होतं? दुसऱ्या वाटीपासून मी थोडीशीच लांब होते, आणि तीही तिने दिली नाही.

पुढच्या महिन्यात १० किलो १००. त्यापुढच्यात १० किलो ६००.

वजन कमी भरलं की शेरा लिहायची तिची पद्धत होती, त्या पानावर सगळ्यांपुढे तोच शेरा आहे, निळ्या शाईत, तिच्या गोल अक्षरात. माझ्या नावापुढेही, एक अक्षर इकडचं तिकडे न करता:

"आईला सांगितले."