सेल्फ फिरत नाही? बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

जुनी गाडी चालू होत नाही म्हटलं की बघायला जमलेल्यांपैकी निम्मे म्हणतात "बॅटरी गेली", उरलेले म्हणतात "सेल्फ गेला", म्हणजे इंजिनला पहिले फेरे देणारी मोटर गेली. या दोन्ही वस्तू नव्या घालूनही गाडी जागची हलली नाही, असं मी पाहिलं आहे. तीस-पस्तीस वर्षं चाललेल्या गाडीत दोष पुष्कळदा या दोघांच्या मधल्या वाटेवर असतो. टर्मिनल, केबल, अर्थिंग (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट), चावीचा स्विच. तो शोधायला साधं मल्टीमीटर पुरतं, पण ते चावी फिरवलेली असतानाच लावावं लागतं. बंद गाडीवर घेतलेलं रीडिंग भल्याभल्यांना फसवतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सेल्फ इंजिनला व्यवस्थित फिरवतोय पण इंजिन पेट घेत नाही, हा वेगळा आजार. तिथे पेट्रोल आणि स्पार्क बघायचा. मी इथे बोलते आहे ते इंजिन जराही न फिरणाऱ्या गाडीबद्दल.

सुरुवात कानाने करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट चालू. आता चावी फिरवा.

कटकटकटकट असा सलग आवाज आला, तर सोलेनॉइड (सेल्फवर बसवलेला, चुंबकाने ओढला जाणारा स्विच) काम करतोय पण त्याला तग धरता येत नाही. त्याच्या आत दोन गुंडाळ्या असतात. एक प्लंजर म्हणजे आतला लोखंडी दांडा जोरात ओढणारी, दुसरी ओढलेला धरून ठेवणारी. मोटरला करंट देणारे जाड कॉन्टॅक्ट जुळले की ओढणारी गुंडाळी तेवढ्यापुरती आपोआप निष्क्रिय होते आणि सगळा भार धरणारीवर येतो. त्याच क्षणी मोटर प्रचंड करंट मागते. बॅटरी अशक्त असेल किंवा टर्मिनल ढिलं असेल, तर व्होल्टेज कोसळतं, धरणारी गुंडाळी सोडून देते, स्प्रिंग प्लंजरला मागे ढकलते. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि प्लंजर पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं, तीच ती कटकट. सेल्फ खोलायची घाई इथे बिलकुल नको.

एकच दणदणीत "टक्" आणि मग शांतता असेल तर हेडलाइटकडे बघा. उजेड तसाच राहिला, तर मोटरमधून करंट जातच नाही. सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन ब्रश झिजलेत किंवा इंजिनचं अर्थिंग तुटलंय. उजेड एकदम मंदावला, तर करंट जातोय पण काहीतरी अडकलंय, नाहीतर बॅटरीत दम नाही. आणि दिवे पार विझले, तर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर हात ठेवा, ते गरम लागण्याची शक्यता खूप.

काहीच आवाज नाही, तर चावीच्या बाजूचा शोध घ्यायचा. त्याकडे पुढे येते.

आता मीटर. चार्ज झालेली बॅटरी तासभर निवांत ठेवून मोजली की १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली की आधी चार्ज करा, मगच पुढचं. पण १२.६ दिसलं म्हणजे बॅटरी चांगली, असं मुळीच नाही. चावी फिरवताना तिच्या दोन खांबांवर ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, मोठ्या डिझेलचा त्याच्या दुपटीहून जास्त. याउलट टेस्ट लॅम्पला अर्धा अँपिअरही लागत नाही. जाड केबलची एकच तार शाबूत असली तरी लॅम्प लख्ख पेटतो आणि मीटर पूर्ण १२.६ दाखवतं. गंजून बुजत आलेल्या पाइपचा नळ बंद असेपर्यंत दाब भरपूर वाटतो आणि उघडला की करंगळीएवढी धार येते, तसं आहे हे.

म्हणून भार असताना किती व्होल्ट वाटेत हरवतात ते मोजायचं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर), काळी पिन सोलेनॉइडकडून मोटरमध्ये जाणाऱ्या जाड बोल्टवर. दुसऱ्याने चावी फिरवायची. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे गेलं तर या टप्प्यात दोष आहे. मग एकेक सांधा वेगळा मोजत जायचं. अर्थच्या बाजूला बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात ०.२ च्या वर जाता कामा नये. गाडी मध्येच चालू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत कॉइलला जाणारी बारीक वायर काढून ठेवा. एका वेळी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त चावी धरू नका. सेल्फची मोटर थोडा वेळ जबर भार सोसण्यासाठीच बनवलेली असते, सलग चालवली तर जळते.

माझी गाडी १९९१ सालची, कार्बोरेटरची. सेल्फ कण्हायचा, अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. दिवे मात्र तसेच. बॅटरी चावी फिरवताना ११.९ होती, म्हणजे तिचा काही संबंध नव्हता. पॉझिटिव्ह बाजूला ०.३. मग मी लाल पिन इंजिन ब्लॉकवर टेकवली, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि म्हटलं, "दादा, आता फिरव." मीटरवर ४.६! सेल्फच्या वाट्याला जेमतेम ७ व्होल्ट येत होते. निगेटिव्ह खांबापासून बॉडीपर्यंत मोजलं तर ०.१, म्हणजे चोर बॉडी आणि इंजिनच्या मधे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी असते एक विणलेली तांब्याची पट्टी. ती वरून धड दिसत होती. लगवर लावलेलं काळं आवरण कापलं तर आत हिरवी पूड आणि चार-सहा तारा. दादा म्हणाला, "अगं, चोकची केबल बघ, चटका बसतोय." अर्थिंगची वाट बंद झाल्यावर करंट चोकच्या केबलमधून परतत होता! अशात क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल वितळूही शकते. चावी फिरवल्यावर एखादी केबल तापत असेल, तर सरळ अर्थिंगकडे जा. नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकांचा रंग घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. तेच रीडिंग ०.१ वर आलं.

आता आवाजच नाही अशी गाडी. सोलेनॉइडवरची बारीक वायर शोधा, बऱ्याच गाड्यांत तिच्या जागेवर ५० हा आकडा कोरलेला असतो. चावी फिरवताना तिथे काहीच येत नसेल, तर फ्यूज, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), चावीचा स्विच, क्लचचा किंवा ऑटोमॅटिक गिअरचा सेफ्टी स्विच असं क्रमाने मागे जायचं. ऑटोमॅटिक गाडी पार्कऐवजी न्यूट्रलला ठेवून पाहणं हा सोपा तपास. आणि तिथे ८-९ व्होल्टच येत असतील, तर एक ओळखीचं दुखणं समजून घ्या. थंड गाडी सुरू होते, पण लांब चालवून पाच मिनिटं थांबवली की सेल्फ मुका. अनेक जुन्या गाड्यांत सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून जातो. स्विच झिजलेला, त्यात गरम तांब्याचा रोध वाढतो, ८० अंशांनी तापलं तर जवळपास ३० टक्क्यांनी. आधीच कमी येणारं व्होल्टेज मग प्लंजर ओढायला पुरत नाही. सोलेनॉइडजवळ एक रिले बसवून त्याला बॅटरीवरून फ्यूज लावलेली जाड वायर दिली, की हे दुखणं सहसा मिटतं.

सेल्फ उतरवण्याआधी इंजिन हाताने फिरतंय का, हे पाहायलाच हवं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा. फिरत नसेल तर प्लग काढून पुन्हा बघा, सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर ते बाहेर येईल. पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये अडकला असेल, तर चावी बंद करून, वरच्या गिअरमध्ये गाडी मागे-पुढे हलवल्यावर सुटतो.

इतकं सगळं ठीक निघालं तरच दोष सेल्फच्या आत. पान्याने हलकं ठोकल्यावर फिरला तर ब्रश संपत आलेत, ठोक्याने ते कम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) पुन्हा टेकतात एवढंच. त्यावर विसंबून प्रवासाला निघू नका. ब्रश, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलले की जुना सेल्फ अजून बरीच वर्षं काढतो. आर्मेचर (मोटरचा गुंडाळी असलेला फिरता भाग) जळालं असेल तर ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. त्याच्याकडे जाताना चावी फिरवतानाचे चार आकडे कागदावर लिहून न्या. बॅटरीवर किती, पॉझिटिव्ह बाजूला किती हरवले, अर्थला किती आणि ५० नंबरवर किती. ते बघितल्यावर तो बॅटरीपासून सुरुवात करत नाही, थेट सेल्फ खोलायला घेतो.