प्लंबरमधला ब

इंग्रज माणूस ‘प्लमर’ म्हणतो. आपण मात्र ब चांगला ठणकावून म्हणतो, प्लंबर. उच्चारांवरून शाळेत बोलणी खाल्लेल्या सर्वांना कळवायला आनंद होतो, की इथे मूळ पुरुष आपल्या बाजूने आहे.

लॅटिनमध्ये ‘प्लंबम’ म्हणजे शिसं. (शिशाची रासायनिक खूण पीबी का, तेही यातच आलं.) फ्रेंचांच्या तोंडून इंग्लंडात पोचेपर्यंत यातला ब झिजून गेला. पुढे लॅटिनवेड्या पंडितांनी तो लिहिण्यात आणून बसवला. बोलणाऱ्यांनी त्याला दाद दिली नाही. प्लमर आडनावाची मंडळी जुन्याच स्पेलिंगवर राहिली.

म्हणजे प्लंबर हा मुळात शिसेवाला. मध्ययुगीन इंग्लंडात तो नळाइतकाच चर्चच्या छपरावरही दिसायचा, शिशाचे पत्रे ठोकत. नळ करण्याची रोमन रीत मोठी मजेची. शिसं ३२७ अंशांवरच वितळतं. ते सपाट साच्यात ओतून पत्रा करायचा, लाकडी दांड्याभोवती वळवायचा आणि वरची शिवण डाख देऊन बुजवायची. त्यामुळे ते नळ धड गोल नसतात, वरून निमुळते असतात. कितीतरी नळांवर उठावाची अक्षरं आहेत: कुठे बादशहाचं नाव, कुठे कारागिराचं.

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस तेव्हाच बजावून गेला होता: पाण्याला मातीचे नळ बरे, शिशाचं काम करणाऱ्यांचे पांढुरके चेहरे बघा. ऐकतो कोण! अमेरिकेने नवे शिशाचे नळ बसवणं बंद केलं ते १९८६ मध्ये. जुने जमिनीतच राहिले. २०१४ मध्ये फ्लिंट शहराने नदीचं पाणी घेतलं, नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही, आणि शिसं घरोघरी पोचलं.

आपल्याकडचा प्लंबर बऱ्याचदा ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. तिकडे हा पिढ्यांचा धंदा झालाय. त्याच्या पिशवीत पाना, हॅक्सॉ, टेफलॉन टेप, सोल्यूशनची डबी. पाइप कापला, सोल्यूशन फासलं, दाबून धरलं की जोड तयार. शिशाचा संबंधच नाही, असं वाटतं. पण पीव्हीसी बनताना उष्णतेने बिघडू नये म्हणून कारखान्यात त्यात शिशाचेच क्षार घालत आले. ते हटवण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. तोवर बिचारा नकळत नावाला जागत होता.